गाडी कुठवर पोचली?

माणसाच्या परतण्याला फारसे सोपस्कार लागत नाहीत. विमानतळावर पारपत्र पुढे केले, शिक्का बसला, की तो आपल्या देशात आला. तो परत येईलच याबद्दल जाताना त्याच्याकडून कुणी तारण मागत नाही; आणि आला नाही तर घरची माणसे झुरतात, सरकारचे काही अडत नाही. मोटारीची गोष्ट निराळी. ती देशाबाहेर न्यायची तर तिच्या परतीची हमी आधी पैशांत द्यावी लागते, आणि परत आल्यावर, आलेली गाडी ती गेलेलीच गाडी होय, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. आम्ही उभयतांनी २०२४ साली आमच्या स्कॉर्पिओतून नार्व्याहून इंग्लंडपर्यंतचा प्रवास केला आणि तेथून गाडी जहाजाने घरी आणली. जातानाच्या हकिकती सांगून सांगून आता आमच्याच कानांना शिळ्या वाटू लागल्या आहेत. येतानाचा प्रवास मात्र गाडीने एकटीने केला. आम्ही तिच्याबरोबर नव्हतो, आणि आमच्या मते सांगण्याजोगे जे होते ते त्याच प्रवासात होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक पुस्तिका असते. तिला ‘कार्ने’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ लहानशी वही. आमच्या गोव्यात जुनी माणसे वहीला अजून ‘कादेर्न’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले. या वहीत पाच, दहा किंवा पंचवीस पाने असतात आणि प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी एखाद्या देशात शिरताना एक भाग तेथला सीमाशुल्क अधिकारी काढून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा भाग दोन्ही शिक्के मिरवीत वहीतच राहतो. मुदत एक वर्षाची. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही वही देते. परदेशात गाडी विकली गेली, टाकून दिली गेली, तर तेथले शुल्क वही देणाऱ्या संस्थेने भरायचे आणि संस्थेने ते आमच्या तारणातून वसूल करायचे, असा हा करार. आमच्या घराची कौले उतरवून कुजलेले वासे बदलायचे म्हणून बँकेत ठेवलेली मुदत ठेव त्या तारणात अडकली. गाडी परत येऊन वहीच्या अखेरच्या पानावर ‘गाडी स्वदेशी आहे’ असा शिक्का पडेपर्यंत छपराला हात लावता येणार नव्हता. ज्यांनी नार्व्याचा पाऊस पाहिला आहे त्यांना यातली अडचण निराळी समजावून सांगायला नको.

गंमत अशी, की ही वही गोव्याला नवी नाही. १९६० आणि १९७०च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करीत जे केसाळ पाहुणे आपापल्या रंगीत गाड्यांतून हणजूण-कळंगुटला उतरत, त्यांच्याही सामानात ही वही असे. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मिटला. तरी आजही पेडण्यात हरमलच्या बाजूला गेले तर हिवाळ्यात जर्मनीच्या, फ्रान्सच्या पाट्या लावलेली चाकांवरची घरे माडांखाली उभी दिसतात. त्यांनाही ठरल्या मुदतीत देशाबाहेर जावे लागते. माणूस हरमलला रमतो; गाडीला रमण्याची मुभा नाही.

आमच्या मार्गाविषयी थोडक्यात सांगतो. शिगमो आटोपल्यावर निघालो. नेपाळमधून रसुवागढीमार्गे तिबेट, काश्गर, किरगिझस्तान, कझाकस्तान, रशियाचा दक्षिण भाग, जॉर्जिया, तुर्कस्तान आणि मग युरोप. चीनने वहीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या देशाने स्वतःची तात्पुरती पाटी, स्वतःचा परवाना आणि स्वतःचा वाटाड्या दिला, आणि तिन्हींचे पैसे घेतले. मध्य आशियात आणि युरोपात तात्पुरत्या कागदावर भागले. म्हणजे ज्या वहीसाठी घराचे छप्पर गहाण पडले होते तिची बहुतेक पाने कोरीच राहिली. तिचा खरा उपयोग शेवटी एकाच देशात व्हायचा होता, तो म्हणजे आपल्या.

गाडी चालवीतच परत का आणली नाही, असे विचारणाऱ्यांना आम्ही आमचे गुडघे दाखवतो. शिवाय हिवाळा जवळ आला होता आणि चीनचा वाटाड्या दुसऱ्यांदा परवडण्यासारखा नव्हता. इंग्लंडात गाडी विकण्याचा प्रश्नच नव्हता. वहीने तो दरवाजा आधीच बंद केला होता. तेव्हा समुद्र.

समुद्राने गाडी पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक ‘रो-रो’. यात गाडी चालवीत थेट जहाजाच्या पोटात नेतात आणि पलीकडच्या बंदरात चालवीत बाहेर काढतात. हे ऐकून आम्हांला हसू आले, कारण आमच्या नार्व्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणारी फेरीबोट तत्त्वतः रो-रोच आहे. लोखंडी फळी खाली पडते, गाड्या आत जातात, पाच-दहा मिनिटांनी पलीकडची फळी पडते. परंतु मोठ्या रो-रोत गाडीची किल्ली परक्याच्या हाती द्यावी लागते आणि गाडीत सामान ठेवू देत नाहीत. त्यातच एका माहितगाराने आम्हांला ‘फेलिसिटी एस’ या जहाजाची हकिकत ऐकवली. २०२२च्या फेब्रुवारीत सुमारे चार हजार मोटारी घेऊन निघालेले ते जहाज अझोर्स बेटांजवळ पेटले आणि १ मार्चला बुडाले. खलाशी सारे वाचले, मोटार एकही नाही. कंटेनरवाल्या जहाजांनाही आगी लागतातच. पण मनाने एकदा भ्यायचे ठरवले की ते तुलना करीत बसत नाही. आम्ही दुसरी पद्धत पत्करली. कंटेनर.

वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर आणि रुंदी २.३५ मीटर. आमच्या गाडीची रुंदी १.८२ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर मोकळा. गाडी आत गेली की दार उघडून उतरायला जागा उरत नाही, हे हिशेबाने कळत होते. पण फेलिक्स्टो बंदराजवळच्या त्या आवारात प्रत्यक्ष पाहिले तेव्हा त्या कामगाराचे कौतुक वाटले. त्याने गाडी एका दमात, आरसे मिटवून, सरळ आत नेली, खिडकीची काच उतरवली आणि मांजराने कुंपणातून निघावे तसा खिडकीतून निघून टपावरून सरपटत बाहेर आला. मग चाकांच्या पुढेमागे लाकडाचे ठोकळे ठोकले, चारी बाजूंनी पट्टे आवळले, बॅटरीची तार सोडली. टाकीत डिझेल अगदी थोडे ठेवायचे असा दंडक होता, तो आम्ही आधीच पाळला होता. गाडी धुऊन आणा, चिखलाचा कणही नको, असेही बजावले होते. आम्ही ती धुतली. तिच्या पोटाखालून तिबेटची करडी माती आणि कझाकस्तानची पिवळी धूळ इंग्लंडच्या गटारात वाहून गेली, आणि आमच्यापैकी एकीला वाटले की थोडी पुडीत बांधून ठेवायला हवी होती. नियमांपुढे ते बोलायची सोय नव्हती.

सामानाच्या यादीने मात्र दोन तास खाल्ले. कुकर, स्टोव्ह, पांघरुणे यांची इंग्रजी नावे सोपी. अडले ते आडोळीपाशी. आम्ही नारळ खवण्यासाठी, मासे चिरण्यासाठी ती घरची आडोळी बरोबर नेली होती. दलालाच्या कारकुनाने तिला आधी शेतीचे अवजार ठरवले, मग शस्त्र. पाट जमिनीवर ठेवून, त्यावर एक पाय रोवून, बसून चालवायचे हे पाते आहे असे आम्ही त्याला त्या फरशीवर बसून दाखवले. त्याने शांतपणे ‘घरगुती वापरलेली वस्तू, नग एक, किंमत शून्य’ असे लिहिले. तीन पिढ्यांच्या आडोळीची किंमत शून्य लिहिल्याचे आम्हांला लागले. पण शून्य किमतीवर शुल्क बसत नाही, हेही खरे.

दार बंद झाले, क्रमांक असलेली मोहोर लागली, आणि आम्ही विमानाने घरी आलो.

यापुढची गोष्ट आम्हांला नार्व्यात बसून पाहायची होती. पूर्वी जहाज गेले की ते गेले. आता फोनवर त्याचा ठिपका दिसतो. तो ठिपका आम्ही दिवसातून चारदा पाहू लागलो, आणि लवकरच साऱ्या वाड्याला त्याचा नाद लागला. दुकानात गेलो की पहिला प्रश्न, “गाडी खंय पावली?” गाडी बिस्केच्या उपसागरात होती. गाडी कॅनरी बेटांपाशी होती. गाडी डाकारच्या पश्चिमेला होती. सुएझकडे न वळता ती आफ्रिकेच्या कडेने खाली खाली निघाली होती, कारण २०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनमधील हुतींनी तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू केले होते आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून धाडायला सुरुवात केली होती. लंडन-मुंबई हे अंतर सुएझमधून सुमारे ११,६०० किलोमीटर, आणि केपला वळसा घेतला की १९,८०० किलोमीटरच्या घरात जाते. भाडे वाढले, विमा वाढला, दिवस वाढले.

विम्यावरून आठवले. समुद्री कायद्यात ‘जनरल ॲव्हरेज’ नावाची फार जुनी चाल आहे. जहाज वाचवण्यासाठी कुणाचा माल समुद्रात टाकावा लागला वा मोठा खर्च करावा लागला, तर तो भार एकट्यादुकट्यावर न टाकता त्या जहाजावर ज्याचा ज्याचा माल असेल त्या सर्वांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे उचलायचा. २०२१च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले, तेव्हा त्याच्या मालकांनी हीच चाल लावली आणि आतल्या मालधन्यांकडून हमी मागितली. विम्याच्या माणसाला हे आम्हांला समजावताना फार कष्ट पडतील असे वाटत होते. पण खाजनाचा बांध फुटला तर ज्याच्या शेतासमोर फुटला त्यानेच तो बांधावा, असे आमच्या गावकरीत कधीही मानले गेलेले नाही. आम्हांला ते चटकन कळले.

केप ऑफ गुड होपशी ठिपका पोचला त्या दिवशी दिवाडीचे एक वृद्ध शेजारी फेरीने पलीकडून मुद्दाम आले. त्यांचे वडील मोझांबिकमध्ये नोकरीला होते. बैरा, लोरेंसु मार्किश ही नावे ते अशी घेतात की जणू ती पिळगाव-मयेच्या पलीकडची गावे. फोनवरचा ठिपका बोटाने मोठा करून त्यांनी पाहिला आणि म्हणाले, तुमची गाडी जुन्या वाटेने येते आहे. तोवर आमच्या मनात ही गोष्ट आली नव्हती. १४९७ साली लिस्बनहून निघालेला वास्को द गामा याच टोकाला वळसा घालून १४९८च्या मे महिन्यात कालिकतला पोचला. त्यानंतर १८६९ साली सुएझ कालवा खुला होईपर्यंत पोर्तुगालची जहाजे याच वाटेने गोव्याला येत राहिली. मार्च-एप्रिलात लिस्बन सोडायचे, सप्टेंबरच्या सुमारास मांडवीच्या मुखाशी यायचे. त्यांचे नांगर जेथे पडत ते जुने गोवे दिवाडीच्या पलीकडच्या काठावर आहे, आमच्यापासून दोन फेऱ्यांच्या अंतरावर. जी वाट इतिहासाच्या पुस्तकात ठेवून आम्ही निश्चिंत होतो त्या वाटेवर आमची आडोळी हेलकावत होती.

आणि नार्वे तरी दुसरे काय आहे? मूळचे नार्वे पलीकडे, दिवाडीवर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तेथले सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले, तेव्हा लिंग नदी ओलांडून अलीकडे डिचोली महालात आणले गेले. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. देव नदीपार आला आणि गावाचे नाव त्याच्यामागून आले. पलीकडे नार्वे राहिले ते राहिलेच. गोकुळाष्टमीला पंचगंगेच्या संगमावर स्नानाला जी गर्दी लोटते तिच्यातल्या कितीजणांना आपण एका स्थलांतरित नावाच्या गावात उभे आहोत हे आठवत असेल, कोण जाणे.

आता दादाविषयी लिहायला हवे. दादा आमचा चुलतभाऊ, वयाने बराच वडील. तो १९७८ साली कुवेतला गेला. तेथे त्याने तपकिरी रंगाची एक शेव्हरले कॅप्रिस घेतली होती. तिचा एक फोटो आमच्या जुन्या घरातल्या आरशाच्या चौकटीत कित्येक वर्षे खोचलेला होता. गावात तेव्हा मोटारी मोजक्या. फोटोतली ती लांबलचक गाडी एक दिवस फेरीच्या धक्क्यावर उतरणार, असे आम्ही मुले धरून चाललो होतो.

ती कधीच येणार नव्हती, हे आम्हांला फार उशिरा कळले. आखाती देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडीचे चक्र डावीकडे असते. भारतात आयात करायच्या गाडीचे चक्र उजवीकडेच हवे. वापरलेली गाडी असेल तर ती तीन वर्षांहून जुनी नको, हाही नियम. आणि त्यातून पार पडली तरी शुल्क गाडीच्या किमतीहून अधिक. म्हणजे गोव्याच्या हजारो माणसांनी मस्कत, बहारीन, दुबई, कुवेत येथे घामाच्या पैशांनी घेतलेल्या गाड्यांना घरचा रस्ता बंदच होता. फार झाले तर आमच्यासारखीच वही घेऊन सहा महिन्यांची पाहुणी म्हणून यायचे. सोने आले, टेपरेकॉर्डर आले, ब्लँकेटे आली, घरांवर गच्च्या आल्या; गाडी तेवढी आली नाही. यातला एक विचित्र योगायोग असा, की पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलून उजवी केली, पण गोव्याने आपली डावी सोडली नाही, कारण सभोवार ब्रिटिश हिंदुस्थान होता आणि तेथे डावी चालत होती. तेव्हा लिस्बनचे गोव्याने ऐकले असते तर आमच्या आजोबांनीही डाव्या चक्राच्या गाड्या पाहिल्या असत्या.

दादाच्या गाडीचा शेवट मात्र नियमाने झाला नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. काही आठवड्यांनी दादा चार सोबत्यांना घेऊन त्याच कॅप्रिसमधून बसरा, बगदाद करीत जॉर्डनच्या सीमेपर्यंत गेला. तेथे वाळवंटात गाड्यांची रांगच्या रांग सोडलेली होती. त्याने गाडी कडेला लावली, किल्ली तिच्यातच ठेवली आणि चालू लागला. अम्मानहून एअर इंडियाने त्या दिवसांत ४८८ उड्डाणांत १ लाख ७० हजारांहून अधिक माणसे मायदेशी आणली. त्यांतल्या एका उड्डाणात दादा होता. नागरी विमानांनी केलेले एवढे मोठे स्थलांतर जगात दुसरे नाही असे अभिमानाने सांगितले जाते, आणि ते सांगितले जावेच. त्या विमानांच्या हिशेबात मागे राहिलेल्या गाड्या कुठेही नाहीत, तेही साहजिक आहे.

आमची गाडी मादागास्करच्या आसपास असताना दादाने एक दिवस कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लहानशी वही काढून आमच्यासमोर ठेवली. कुवेतमधल्या गाडीच्या नोंदणीची वही. तिला तेथे ‘दफ्तर’च म्हणतात. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेला तोच शब्द. त्यात त्याचे नाव, गाडीचा रंग, इंजिनचा क्रमांक, सारे काही होते. आमच्याकडे गाडी होती आणि तिच्या खरेपणाचा कागद मिळवायची धडपड चालली होती. याच्याकडे कागद चोख होता. “तुमची येतली,” तो म्हणाला, “ती हांगाची.” तुमची येईल, ती इथली आहे. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आम्हांला पुढे काही सुचेना, तेव्हा चहा आला तो घेतला.

सत्तेचाळीस दिवसांनी गाडी न्हावा शेवा बंदरात उतरली. मुरगाव आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर. पण ते बंदर प्रामुख्याने खनिजाचे नि कोळशाचे, आणि आमचे कागद मुंबईच्याच बाजूचे होते. आम्ही पनवेलला एका नातलगाकडे मुक्काम ठोकला. दोन दिवसांत काम होईल असा अंदाज होता. लागले अकरा. चेसिसचा क्रमांक सतरा अंकाक्षरांचा असतो. गोंधळ नको म्हणून त्यात इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती शून्य आणि एक यांसारखी दिसतात. इतकी काळजी घेणाऱ्यांनी ‘बी’चा विचार केला नव्हता. परदेशातल्या कुणा टंकलेखकाने जहाजी कागदावर ‘बी’च्या जागी आठाचा आकडा छापला होता. वहीत ‘बी’, नोंदणी पुस्तकात ‘बी’, गाडीवर ‘बी’, आणि जहाजाच्या कागदावर आठ. एका अक्षराने आमची गाडी दुसरीच कुणाची तरी झाली होती. दुरुस्तीचे पत्र यायला नऊ दिवस गेले, आणि नऊ दिवस जागेचे आणि डब्याचे भाडे चढत राहिले.

अखेर मोहोर तोडली तेव्हा आतून ओल्या गोणपाटाचा वास आला. चक्रावर, आसनांवर पांढरी बुरशी धरली होती. सीमाशुल्काचे जे अधिकारी आले ते वयाने तरुण होते. त्यांनी फडक्याने चौकटीवरचा गंज पुसला, कागद लावून वरून पेन्सिल घासली आणि उमटलेला क्रमांक एकेक अक्षर मोठ्याने वाचला. आम्ही वहीवर बोट ठेवून एकेक अक्षराला होकार देत होतो. ‘बी’ आला तेव्हा ते थांबले, आमच्याकडे पाहून किंचित हसले आणि पुढे वाचू लागले. मग त्यांनी आडोळी पाहिली. “ही कशाला नेली होतीत?” एवढेच विचारले. ते रत्नागिरीकडचे निघाले. यादीतली शून्य किंमत वाचून त्यांनी मान हलवली, पण ती बदलली नाही.

बॅटरी मेली होती. शेजारच्या ट्रकवाल्याने तारा लावून गाडी चालू करून दिली, कॅनमधले डिझेल ओतले आणि आम्ही कोकणच्या रस्त्याला लागलो. या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले होते आणि आम्ही गेलो तेव्हाही काही टप्पे अपुरेच होते. तिबेटच्या घाटात न निखळलेला एक बोल्ट माणगावच्या अलीकडे निखळला. याहून अधिक त्या रस्त्याविषयी लिहीत नाही.

बांद्याहून दोडामार्गाने डिचोली जवळ पडते. आम्ही पत्रादेवीने शिरलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या स्मारकाशी क्षणभर थांबल्याशिवाय त्या वाटेने जायचे नाही असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. १९६१पर्यंत या जागी दोन देशांची नाकी होती. आमच्या आधीच्या पिढीला सावंतवाडीचा आठवडा बाजार हासुद्धा परदेशप्रवास होता, आणि एका पिशवीतल्या सामानाची झडती द्यावी लागे. आता नाक्यावर कुणी आमच्याकडे पाहिलेही नाही. डिचोलीची पाटी असलेली गाडी गोव्यात शिरते, त्यात पाहण्यासारखे काय असते?

नार्व्याला पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. वाड्यातली मुले गाडीभोवती फिरली, बुरशीचा वास घेऊन नाके मुरडून गेली. दादा सर्वांत शेवटी आला. त्याने टपावरून हात फिरवला, दार उघडले आणि न विचारता चालकाच्या जागी बसला. इथे आल्यापासून त्याने गाडी कधी चालवली नव्हती. का, ते कुणी विचारले नव्हते. त्याने आरसा आपल्या नजरेला जुळवून घेतला, डावा हात चक्रावर ठेवला आणि उजवा हात सवयीने खाली नेला. तो दारावर आपटला. “गियर खंय?” तो म्हणाला. आम्ही डाव्या बाजूला बोट दाखवले. तो स्वतःशीच हसला, पण उतरला नाही. काळोख पडेपर्यंत काचा खाली करून आतच बसून राहिला, आणि आम्ही सामान उतरवीत राहिलो.

वहीच्या शेवटच्या पानावरचा शिक्का आम्ही आणलाच होता. ती मुंबईला परत गेली आणि फेब्रुवारीत ठेव मोकळी झाली. २०२५च्या पावसाआधी कौले उतरवून वासे बदलले. फणसाचे घालायचे मनात होते. पण नऊ दिवसांच्या भाड्यात फणस गेला, तेव्हा माडाचे घातले.